मांडीवरचं कुत्रं जमिनीवर असू द्या

लहान कुत्रं गुरगुरलं की लोक हसतात. पस्तीस किलोचा जर्मन शेफर्ड गुरगुरला तर खोलीतली सगळी माणसं मागे सरतात. सहा किलोचा केसाळ जीव तेच सांगत असतो, तेव्हा कुणीतरी मोबाइल काढून शूटिंग करतं आणि दुसरं कुणीतरी त्याला उचलून पोटाशी धरतं. नागपुरात जनावरांचा दवाखाना चालवताना मला हे सतत दिसतं आणि दर वेळी वाईट वाटतं. कारण काही महिन्यांनी तेच कुटुंब माझ्यासमोर बसून म्हणतं, “मॅडम, हा आजकाल चावून राहिला हो. आधी असा नव्हता.” चावण्याआधी त्याने पुष्कळदा सांगून पाहिलेलं असतं.

माझ्याकडे येणाऱ्या लहान कुत्र्यांत संकरित पुष्कळ. शित्झू आणि स्पिट्झ, ल्हासा आणि स्पिट्झ, अधूनमधून पगचा अंश. आपण सरसकट ज्याला पॉमेरियन म्हणतो ते बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतं, इंग्रजांच्या काळात आलेल्या जर्मन स्पिट्झचं इथल्या हवेत रुळलेलं वाण. ‘हम आपके हैं कौन’ (१९९४) मधला टफी तोच. माझी भिंगरीही अशीच मिश्र. आई एका ओळखीच्या घरची शित्झू, बाप शेजारच्या बंगल्यातला स्पिट्झ, आणि दोघांच्या मालकांना पत्ता लागला तेव्हा पिल्लं पोटात होती. त्या एकाच वेतात एक पिल्लू हुबेहूब आईसारखं चपट्या तोंडाचं निघालं, एक कोल्ह्यासारखं टोकदार नाकाचं, आणि भिंगरी मधलीच: नाक आखूड पण अगदी बसकं नाही, डोळे आईचे मोठे, अंगावर बापाची दाट लोकर.

संकराच्या बाबतीत पहिली गोष्ट समजून घ्यायची ती हीच. ‘आईचा शांतपणा आणि बापाची चपळाई’ असं सांगून पिल्लू विकणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियात वॉली कॉनरन यांनी अंधांना वाट दाखवण्यासाठी लॅब्राडॉर आणि पूडल यांचा संकर केला. एका अंध स्त्रीच्या नवऱ्याला कुत्र्याच्या केसांची अॅलर्जी होती, म्हणून. तीन पिल्लं झाली आणि त्यांतलं एकच त्या माणसाला सोसलं. जाणत्या माणसाने, एका ठरलेल्या हेतूने केलेल्या संकराची ही गत. बाजारात गोंडस जोडनावं लावून विकल्या जाणाऱ्या पिल्लांची हमी कोण देणार?

स्वभावाचं तर त्याहून अवघड. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या एलिनॉर कार्लसन यांच्या गटाचा अभ्यास आला. अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांनी आपापल्या कुत्र्याच्या वागण्याची माहिती दिली होती, आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांची जनुकंही तपासली होती. एका कुत्र्याचं वागणं दुसऱ्याहून वेगळं का, यातला जेमतेम ९ टक्के भाग जातीवरून सांगता येतो, असं त्यात निघालं. म्हणजे ‘शित्झू आहे ना, मग मुलांना काही करणार नाही’ हे वाक्य आपण घरात उच्चारूच नये. त्याच्या वाट्याला काय आलं, त्याला कसं हाताळलं गेलं, हे विचारावं.

आणि ते फार लवकर विचारावं लागतं. अमेरिकेत बार हार्बर इथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत स्कॉट आणि फुलर या दोघांनी वर्षानुवर्षं पाच जातींची पिल्लं वाढवली, बसेंजी आणि कॉकर स्पॅनिएल यांचा मुद्दाम संकरही केला. १९६५ मध्ये त्यांचा ग्रंथ आला. पिल्लाच्या साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात माणसांशी आणि जगाशी त्याची जी ओळख होते ती पुढे आयुष्यभर पुरते, ही गोष्ट पशुवैद्यकात त्या कामामुळे पक्की झाली. आपल्याकडे २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला बंदी आहे. तरी महिन्याभराची पिल्लं पिशवीत घालून माझ्याकडे आणली जातात. भावंडांशी खेळताना जोरात चावलं की समोरचं ओरडतं आणि खेळ थांबतो, हे शिकायचेच ते दिवस. आईपासून तोडलेल्या पिल्लाला हे धडे माणसांच्या बोटांवर घ्यावे लागतात.

लशी पुऱ्या व्हायच्या असतात तोवर पिल्लाला रस्त्यावर सोडू नका, पण कडेवर घेऊन बाहेर जरूर न्या. रिक्षाचा आवाज, दाढीवाले काका, शाळेतून सुटलेली मुलं, कुकरची शिट्टी, सगळं बघू द्या, ऐकू द्या. उचलून घेण्याचा योग्य काळ हाच. पुढे मात्र त्याला जमिनीवर राहू द्या.

माझं सगळं सांगणं इथे येऊन थांबतं. लहान कुत्र्याला दिवसभरात कितीदा न विचारता उचललं जातं ते एकदा मोजून पाहा. झोपेतून, जेवता जेवता, पाहुणे आले म्हणून, फोटोसाठी. जो येईल तो उचलतो. कुत्रा आधी तोंड फिरवतो, मग ओठ चाटतो, झोप नसताना जांभई देतो, अंग ताठ करतो, डोळ्याचा पांढरा भाग दिसू लागतो. ही त्याची नकाराची भाषा. ती कुणी वाचली नाही तर गुरगुरतो, आणि गुरगुरल्याबद्दल चापट मिळाली तर पुढच्या वेळी न गुरगुरता चावतो. गुरगुरण्याबद्दल कुत्र्याला कधीही मारू नका. आपल्याला वेळेवर मिळालेली ती सूचना आहे.

घरी एक साधी सवय लावा. खाली बसा, हात पुढे करा, हाक मारा आणि थांबा. तो आला तर छातीखाली खरवडा. हात काढा. तो अजून जवळ सरकला तर पुढे चालू, मान वळवली तर सोडून द्या. धरमपेठेतल्या एका आजोबांनी ही पद्धत पाळली आणि नातवंडांनाही पाळायला लावली. त्यांचा ल्हासा-मिश्र कुत्रा सोफ्याखालून बाहेर यायला तयार नव्हता. काही आठवड्यांत तो आपणहून त्यांच्या पायाशी येऊन बसू लागला. त्याला एकही औषध मी दिलं नव्हतं.

भुंकण्याच्या तक्रारी खूप येतात. तिबेटच्या मठांत ल्हासा कुत्री राखणीलाच असायची आणि स्पिट्झचे कान प्रत्येक चाहुलीला टवकारतात, तेव्हा दाराची घंटा वाजल्यावर त्यांनी गप्प बसावं ही अपेक्षा अवास्तव आहे. एक-दोनदा भुंकू द्या, मग दारापासून दूर त्याच्या ठरलेल्या गादीवर बोलवा आणि तिथेच खाऊ द्या. ओरडलात तर त्याला वाटतं, तुम्हीही भुंकताय. आणि रोज दोनदा बाहेर न्याच. ‘घरातच गच्चीवर खेळतो’ हे पुरत नाही. त्याला वास घेत, रेंगाळत चालायचं असतं. लगबग आपल्याला असते.

आता विदर्भातल्या उन्हाळ्याबद्दल, कारण इथे जीव जातात. कुत्रा घामाने थंड होत नाही. तो धापा टाकतो, आणि जीभ व नाकाच्या ओल्या अस्तरावरून हवा खेळली की उष्णता निघून जाते. बसक्या नाकात हे अस्तर कमी आणि वाट अरुंद. म्हणून मिश्र पिल्लाच्या नाकाची लांबी मी आधी बघते, जातीचं नाव नंतर. आपल्याकडचा कूलर आणि कुत्र्याची धाप एकाच तत्त्वावर चालतात, पाण्याची वाफ होण्यावर. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत दोन्ही चालतात. पहिला पाऊस पडून हवा दमट झाली की दोन्ही थकतात. लोक मात्र नवतपा संपला म्हणून बेफिकीर होतात, आणि जूनच्या उकाड्यात कुत्रं कोसळतं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०५ च्या वर गेलं, लाळ घट्ट झाली, चाल झोकांड्या खाऊ लागली तर साध्या गार पाण्याने अंग भिजवा, पंख्याखाली घ्या, आणि तसंच दवाखान्यात आणा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, खाली उष्णता कोंडते. उन्हाळ्यात फिरवणं उजाडताना आणि रात्री. रस्त्याला हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवता आली नाही तर त्याचे पायही भाजणार.

उन्हाळा आला की ‘पूर्ण टक्कल करून द्या’ अशी मागणी होते. शित्झूसारखे सतत वाढणारे केस कापून आखूड ठेवायला हरकत नाही. पण स्पिट्झसारखी दुहेरी लोकर वस्तऱ्याने काढू नये. ती ऊनही अडवते, आणि पुन्हा येताना कधी विरळ, ठिगळासारखी येते. भिंगरीच्या अंगावर दोन्ही प्रकार आहेत, त्यामुळे तिला रोज विंचरते आणि फक्त पंजे, पोट, शेपटीखालचा भाग कापते. गुंता होतो तो कानामागे आणि पुढच्या पायांच्या बगलेत. वरवर ब्रश फिरवणाऱ्याला तो दिसतच नाही.

मोठ्या डोळ्यांना इजा पटकन होते. एक डोळा बारीक करून बसला असेल तर संध्याकाळची वाट पाहू नका, त्याच दिवशी दाखवा. गळ्यात पट्टा अडकवून ओढू नका, छातीचा पट्टा वापरा, कारण या कुत्र्यांची श्वासनलिका नाजूक असते. चालता चालता मागचा पाय दोन पावलं उचलून पुन्हा नीट चालला तर ती लाडिक चाल समजू नका, गुडघ्याची वाटी सरकत असू शकते. गुळगुळीत फरशीवर सतरंजी टाका. सहा-सात महिन्यांनंतरही दुधाचे सुळे पडले नसतील तर काढून घ्यावे लागतात.

खाण्याचं गणित मात्र नीट समजून घ्या. सहा किलोच्या, बहुतेक वेळ घरातच असणाऱ्या कुत्र्याला दिवसाला साधारण ३५० कॅलरी पुरतात. तूप लावलेली एक पोळी म्हणजे त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा. आजी एक घास देते, काका एक बिस्कीट देतात, कामाच्या मावशी चहाबरोबरचा टोस्ट देतात, आणि वजन माझ्या काट्यावर दिसतं. कांदा-लसूण घातलेला रस्सा त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे मूत्रपिंडं बंद पाडू शकतात, आणि किती बेदाण्यांनी हे होईल ते प्रत्येक कुत्र्यागणिक वेगळं. म्हणून एकही नको. माणसाच्या अंगदुखीची गोळी अर्धी करून द्यायची कल्पनाही नको.

रेबीजची लस दर वर्षी. ‘हा तर घराबाहेर पडतच नाही’ असं म्हणणाऱ्यांनाही मी सोडत नाही. गोचिडांचंही तसंच. ती आयुष्याचा मोठा भाग कुत्र्याच्या अंगाबाहेर, भिंतीच्या भेगांत आणि पलंगाच्या सांध्यांत काढतात, तेव्हा अंगावर औषध आणि घराची सफाई दोन्ही लागतात. कुत्रा मलूल झाला, हिरड्या फिक्या पडल्या, नाकातून रक्त आलं तर रक्ततपासणीला उशीर करू नका.

ही कुत्री बारा-पंधरा वर्षं जगतात. मुलं पुण्याला, बंगळूरला, अमेरिकेला गेली की घर भरून राहावं म्हणून पासष्टी-सत्तरीतली जोडपी पिल्लू आणतात, आणि त्या सोबतीने त्यांच्या घरात पुन्हा बोलणं सुरू झालेलं मी पाहिलं आहे. त्यांना मी पहिल्याच भेटीत विचारते: तुम्ही दवाखान्यात भरती झालात तर हा कुणाकडे? उत्तर मिळालं की त्या घरी आत्तापासून अधूनमधून रात्री मुक्काम घडवा म्हणते, कारण सोबतीसाठीच वाढलेल्या कुत्र्याला अचानक झालेली ताटातूट सोसत नाही. भिंगरीसाठी मी पुतणीचं घर ठरवलं आहे. लशींच्या पुस्तकात एक कागद ठेवलेला आहे: खाणं किती, गोळी कोणती, आणि झोपेत असताना तिला उचललेलं चालत नाही.