कॉम्प्युटरच्या जागा वाढतात, शिरोलीला मात्र मेकॅनिकलवाला हवा!

शिरोली एमआयडीसीत फाउंड्र्याच फाउंड्र्या. तिथं मेटलर्जी, मेकॅनिकलवाले लागतात. मग कॉलेजं कॉम्प्युटरच्याच जागा का वाढवतात?

जागा ठरवणारं साधं मॉडेल मागच्या वर्षांचे अर्ज, कटऑफ आणि रिकाम्या जागा बघतं. म्हणजे त्याला पोरांची पसंती दिसते, कारखान्याची गरज नाही. त्यात २०२४-२५ पासून एआयसीटीईनं सक्षम कॉलेजांसाठी शाखेतल्या जागांची कमाल मर्यादाच उठवली.

आणि आज ॲडमिशन घेणारा बाहेर पडतो चार वर्षांनी. तोवर बाजार बदललेला! म्हणून चांगलं मॉडेल अर्जांसोबत आसपासच्या नोकऱ्याही मोजतं.

तुम्हीही कॅप राऊंडला पर्याय भरण्याआधी नुसता कटऑफ बघू नका. शिरोलीत एक चक्कर माराच. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!