गार, कोमट की गरम?

हिवाळ्यातली पहाट. निर्मळच्या तळ्यावर अजून धुकं. अशा वेळी ताडावरून नुकतं उतरवलेलं मडकं हाताला गारेगार लागतं. त्यातला पहिला घोट म्हणजे नीरा: गोड, हलकी, थोडी शहाळ्याची आठवण करून देणारी. तीच नीरा उन्हात राहिली की फेस येतो, गोडी उतरते, आंबटपणा चढतो. झाली ताडी! म्हणून तर नीरेच्या मडक्याला आतून चुना लावतात आणि ऊन चढायच्या आत ते उतरवतात. रस तोच, खेळ सगळा तापमानाचा आणि वेळेचा.

हेच दोन धागे पकडून जपान्यांनी अख्खं शास्त्र उभं केलंय. तांदळापासून बनणारी त्यांची साके ५ अंशांपासून ५५ अंशांपर्यंत कशीही पितात आणि साधारण दर ५ अंशांना वेगळं नाव! ५ अंशांची 'युकिबिए' म्हणजे बर्फाचा गारवा, १० ची 'हानाबिए' म्हणजे फुलांच्या दिवसांतला गारवा, ३५ ची 'हितोहादाकान' म्हणजे माणसाच्या अंगाची ऊब. वर्षानुवर्षं मुरवलेली साके म्हणजे 'कोशु'. साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांत मुरून तिला मधासारखा रंग चढतो. फ्रिजमधून काढल्यावर ती गप्प असते. कोमट केली की कॅरॅमलचे, सुक्यामेव्याचे वास वर येतात.

असं का? ऊब मिळाली की वासाचे रेणू झटपट हवेत उडतात. शिवाय जिभेवरून गोडाची खबर देणारी यंत्रणा थंडीत मंदावते. वितळलेलं आइस्क्रीम गोडमिट्ट का लागतं, कळलं?

आता जरा थांबा. महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१ आणि बाकी दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात. पण प्रयोगाला दारू हवी कशाला? एकाच जगातलं कोकम सरबत तीन ग्लासांत ओता: एक फ्रिजमधलं, एक साधं, एक कोमट. मित्राचे डोळे बांधा आणि विचारा, साखर कशात जास्त? पैज लावा, तो कोमटाकडे बोट दाखवेल.

जपानने अंशांना नावं दिली आणि ती जपली. आपल्याकडेही नावं होतीच: ताडाची ताडी, माडाची माडी, पहाटेची नीरा. आपण मात्र 'गावठी' म्हणून नाक मुरडलं. ताड अजून उभे आहेत, त्यावर चढणारे हात कमी होत चाललेत. ते हात थांबले, तर ही चव कुठल्याच तापमानाला परत यायची नाही.

तेव्हा यंदा ताजी नीरा मिळाली, तर पहिला घोट बर्फ न टाकता घ्या. जीभ काय सांगते, ते ऐका.