वाघ बघायला येणारा पाहुणा आणि आपले वावर



हिवाळ्यात पहाटे चारच्या सुमारास नागपूरच्या सदरमध्ये बाहेर पडले तर चहाची टपरी उघडलेली नसते, पण गाड्या मात्र उभ्या असतात. कानटोप्या घातलेली शहरातली मंडळी, अर्धवट झोपेतली पोरे. कामठी रोडने मनसर, तिथून देवलापारच्या बाजूला पेंचचे सिल्लारी गेट. साधारण 70 किलोमीटर. जंगल बघायचे आणि दुपारी परत. काही ताडोब्याला जातात, काही उमरेड-कऱ्हांडल्याला.

मागच्या वेळी आम्ही या विषयावर रेडिओवर बोललो, तेव्हा जंगलाकाठच्या गावांतून पत्रे आली. बहुतेकांचे म्हणणे एकच. "साहेब, गाड्या आमच्या गावातून धूळ उडवत जातात, रानडुकरे आमचे धान खातात, मग आमच्या पदरात काय?" प्रश्न रास्त आहे.

ताडोबा 1955 साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि 1995 साली व्याघ्र प्रकल्प. महाराष्ट्रातला पेंच 1999 साली व्याघ्र प्रकल्प झाला, उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य 2012 चे. त्याच 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने गाभा क्षेत्रातले पर्यटन काही महिने बंद केले होते. ऑक्टोबरात नियमांसह ते पुन्हा सुरू झाले. गेट, फेऱ्या, गाड्यांची संख्या, गाईड, सगळे नियमांत बांधलेले आहे. कोणीही उठावे आणि चार पाहुणे घेऊन जंगलात शिरावे, असे चालत नाही. तो गुन्हा होतो.

जंगलात उघडी जिप्सी जाते. तीत पाहुणे, ड्रायव्हर आणि एक गाईड. गाईड घेणे सक्तीचे असते आणि तो जवळच्या गावांतलाच असतो. आता मुलीही हे काम करतात, आणि चांगले करतात. ज्या पोराने लहानपणी गुरे चारली, त्याला सांबराचा इशारा, माकडाचा खकरा, ओल्या मातीतला ठसा शिकवावा लागत नाही. त्याला शिकवावे लागते ते पाहुण्याला "नाही" म्हणायला. 31 डिसेंबर 2024 ला उमरेड-कऱ्हांडल्याच्या गोठणगाव भागात गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या पाच पिल्लांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली. फोटो पाहिजे होता पाहुण्यांना, पण कारवाई झाली ड्रायव्हर आणि गाईडांवर. काम बंद, वरून दंड. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जानेवारी 2025 मध्ये स्वतःहून त्याची दखल घेतली. तुमच्या घरातले कोणी या कामावर असेल, तर पाहुण्याने पुढे केलेल्या शंभर-दोनशेच्या नोटेसाठी ओळखपत्र गमावू नये, हे त्याला घरातूनच सांगा.

आता वेळापत्रक पाहू. या धंद्याचे खरे गणित तिथेच आहे.

गाभा क्षेत्र 1 जुलै ते 30 सप्टेंबर बंद असते. म्हणजे धानाची रोवणी, निंदण, कपाशीचे डवरणे, या काळात घरातला गाईड मोकळा असतो. हे आपल्या सोयीचे झाले. पण ऑक्टोबरात गेट उघडते आणि त्याच वेळी सोयाबीन काढायला येतो. दिवाळीच्या सुट्टीत पाहुण्यांची झुंबड आणि इकडे कापसाचे पहिले वेचे, धानाची कापणी. उन्हाळ्यात पाणवठ्यावर वाघ हमखास दिसतो म्हणून गर्दी असते. तेव्हा वावर रिकामे असते, पण मार्च-एप्रिलात मोहफूल आणि मे महिन्यात तेंदूपत्ता. म्हणून घरात दोन कर्ती माणसे असतील तरच एकाने या कामाला जावे. एकटा कर्ता दोन्ही दगडांवर पाय ठेवायला गेला की, सोयाबीनच्या शेंगा वावरातच तडकतात. मी असे एक वावर पाहिले आहे.

मोहफुलावरून आठवले. पहाटे अंधारात वाकून फुले वेचणारी बाई वाघाला माणूस वाटत नाही. एकटीने जाऊ नये, उजाडल्याशिवाय जाऊ नये. पाहुणा गाडीत बसून वाघ बघतो, आपली माणसे पायी असतात.

दुसरी गोष्ट कर्जाची. माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने दोन एकर विकून आणि वर कर्ज काढून जिप्सी घेतली. मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे जंगले बंद झाली. गाडी दारात, हप्ता डोक्यावर. उरलेल्या तीन एकरांवरच्या तुरीने त्याला त्या वर्षी तारले. विकलेल्या दोन एकरांवर आज दुसऱ्याचे रिसॉर्ट आहे आणि त्याचा मुलगा तिथे रखवालीला आहे. रस्त्याकाठच्या वावराला आलेला भाव मोठा दिसतो हे मान्य, पण विकण्यापेक्षा वावर हातात ठेवून त्यातच पाहुणा आणता येतो का, ते आधी बघा.

तो आणता येतो. राज्य शासनाने 2020 साली कृषी पर्यटन धोरण आणले. नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. बारामतीकडे 2005 पासून असे काम चालले आहे, आपल्या भागात अजून कमी. पार दूर मध्य अमेरिकेत कोस्टारिका नावाचा छोटा देश आहे. तिथे माँटेव्हर्दे या डोंगराळ गावात 1951 साली काही कुटुंबे येऊन गाई पाळू लागली, चीज करू लागली. पाण्यासाठी वरचे जंगल त्यांनी तोडले नाही. 1972 साली तिथे राखीव जंगल झाले, आणि आज तेच जंगल बघायला जगभरातून माणसे येतात. दूध-दुभतेही चालूच आहे.

आपल्याकडे पाहुण्याला दाखवायला काय नाही? जुलैत रोवणीला शहरातली पोरे चिखलात उतरायला तयार असतात. जंगल बंद असते, पण पोळा आपल्याच दारात असतो. हिवाळ्यात ज्वारीचा हुरडा. काटोल, कळमेश्वरकडे संत्र्याचा बगीचा. भंडारा-गोंदियाकडे मालगुजारी तलावावर थंडीत बाहेरची बदके उतरतात आणि धानाच्या बांधीत सारस घरटे करतो. घरट्याजवळ मात्र पाहुण्याला नेऊ नका, लांबून दाखवा. जेवायला झुणका-भाकर, भरीत, गोळाभात पुरे. हॉटेलातले पनीर त्याला नागपुरातच मिळते.

हिशोब मात्र वहीत मांडा. समजा, रविवारी 15 माणसे आली आणि माणशी 300 रुपये घेतले, तर 4,500 झाले. किराणा-भाजी 1,500, दोन बायांची मजुरी 600, पाणी-सरपण आणि किरकोळ 300. हाती 2,100. त्याच दिवशी तुमचा वेचा राहिला आणि रात्री पाऊस आला, तर हे 2,100 नफ्यात धरायचे की तोट्यात?

पाहुणा आणण्याआधी विहिरीला कठडा किंवा जाळी पाहिजे. संडास स्वच्छ, पिण्याचे पाणी झाकलेले. मारका बैल वेगळा बांधा. जेवण विकायचे तर अन्न व औषध प्रशासनाकडे नोंदणी करा. फवारणी केलेल्या पिकात माणसे नेऊ नका आणि डब्यावर लिहिलेले दिवस पूर्ण होईपर्यंत त्यातले काही तोडून खायला देऊ नका. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किती घरे उजाड झाली, ते आपण विसरलेलो नाही. साप चावला तर मांत्रिक नको, सरळ सरकारी दवाखाना.

आणि सगळ्यात महत्त्वाचे. रानडुकरासाठी धुऱ्यावर चोरून करंटची तार लावणारे आजही आहेत. तीत वाघ मरतो, शेजाऱ्याचा बैल मरतो, पहाटे पाणी द्यायला निघालेला आपलाच भाऊ मरतो. ज्या वावरात अशी तार आहे, तिथे पाहुण्याचा विचारसुद्धा करू नका. ती आजच काढा. झटका देणारे सौर कुंपण वेगळे असते, त्याने जीव जात नाही. जंगलालगतच्या गावांना ते डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अनुदानावर मिळू शकते. त्यासाठी गावच्या ग्राम परिस्थितिकीय विकास समितीकडे किंवा रेंज ऑफिसात विचारा. पिकाचे नुकसान झाले तर तिथेच लगेच लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पंचनाम्याआधी पीक काढून टाकू नका.

नोंदणीचा विचार पक्का असेल तर सातबारा, आधार कार्ड, पॅन कार्ड आणि विजेचे बिल घेऊन आधी तालुका कृषी कार्यालयात या. पेरणीच्या धांदलीत येऊ नका. मे महिन्यात, दुपारी उन्हाने वावरात काम होत नाही, तेव्हा निवांत बसून बोलता येईल.