‘बिलो’चे गणित आणि नव्या ठेकेदाराचे गैरसमज

सरकारी अभियंत्यांना शिकवायला नाशिकला महाराष्ट्र अभियांत्रिकी प्रशिक्षण प्रबोधिनी आहे, अधिकाऱ्यांसाठी पुण्यात यशदा आहे. प्रत्यक्ष काम अंगावर घेणाऱ्या ठेकेदाराला शिकवणारे असे घर नाही. अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून, बडनेऱ्याहून किंवा शेगावहून सिव्हिलची पदवी घेऊन आलेला मुलगा स्लॅबचे डिझाइन करून दाखवतो. पण बयाणा, सुरक्षा अनामत आणि अतिरिक्त सुरक्षा अनामत यांतला फरक विचारला की गप्प होतो. हा अभ्यासक्रम तो बांधकाम विभागाबाहेरच्या चहाच्या टपरीवर पुरा करतो. तिथले गुरुजी अनुभवी असतात, फक्त त्यांचे बरेचसे ज्ञान जुन्या शासन निर्णयांपाशी थांबलेले असते. अकोला-अमरावतीत त्या टपरीवरून पसरलेले काही समज तपासण्यासारखे आहेत.

‘बिलो टाकल्याशिवाय काम भेटत नाही’

अर्धे खरे आहे. बी-१ प्रकारच्या निविदेत खात्याचे एस्टिमेट तयार असते आणि ठेकेदाराने एकच आकडा भरायचा असतो: इतके टक्के कमी, म्हणजे ‘बिलो’, किंवा इतके टक्के जास्त. तांत्रिक लिफाफ्यात पात्र ठरलेल्यांपैकी ज्याचा दर सगळ्यांत खाली, त्याला काम. त्यामुळे नवा पोरगा पहिल्याच निविदेला वीस-बावीस टक्के बिलो टाकून मोकळा होतो. पुढचे गणित त्याला काम मिळाल्यावर कळते.

सार्वजनिक बांधकाम विभागाच्या २०१८ च्या शासन निर्णयाने अतिरिक्त सुरक्षा अनामतीची रचना अशी घातली: दर दहा टक्क्यांपर्यंत कमी असेल तर एस्टिमेटच्या एक टक्का. दहाच्या पुढे पंधरापर्यंत, जितके टक्के आणखी खाली तितके त्यात मिळवायचे. पंधराच्या पुढे फरकाची दुप्पट. ५० लाखांचे काम १९ टक्के बिलोने घेतले तर १ + ५ + (४ × २) = १४ टक्के, म्हणजे ७ लाख रुपये कामाला हात लावण्याआधी अडकतात. नेहमीची सुरक्षा अनामत वेगळी. ही टक्केवारी शासन निर्णयाने बदलू शकते, म्हणून आपल्या निविदेतच काय लिहिले आहे ते पाहावे. पण धोरणाचा रोख साफ आहे: फार खाली जाणाऱ्याने आधी आपले पैसे दाखवावेत.

आता ते १९ टक्के येतात कुठून? एस्टिमेटमधले दर राज्य दरसूचीवरून निघतात आणि त्यात लीड धरलेले असते, म्हणजे गिट्टी, मुरूम, रेती किती किलोमीटरवरून येणार त्याचा तक्ता. माझ्या मते नव्या माणसाने निविदेतले दुसरे काही वाचले नाही तरी हा तक्ता वाचावा, आणि मग मोटारसायकल काढून ती खदान आज सुरू आहे का ते पाहून यावे. तक्त्यातली खदान बंद असली आणि गिट्टी तीस किलोमीटर पलीकडून आणावी लागली, तर नफा तिथेच संपतो.

वऱ्हाडात पाण्याचेही तसेच. पूर्णेच्या खोऱ्यात दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर या भागांतला खारपाणपट्टा सगळ्यांना ठाऊक आहे, पण तो निविदा भरताना आठवत नाही. आयएस ४५६ या मानकानुसार सळई असलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. साध्या काँक्रीटला २००० पर्यंत सूट आहे. या पट्ट्यातल्या कित्येक बोअरचे पाणी त्या कसोटीला उतरत नाही. मग काँक्रीटला आणि पुढे क्युरिंगलाही गोड्या पाण्याचे टँकर. शिवाय काळी माती: जूनचे दोन चांगले पाऊस झाले की भरलेला टिप्पर साईटवर जातच नाही, मुदत मात्र चालू असते. पुण्याच्या ठेकेदाराच्या बिलोची बरोबरी तेल्हाऱ्यात करायची नसते ती यासाठी.

‘वशिला नाही तर फाईल बाद’

वशिला नसतोच असे लिहिणे भाबडेपणाचे होईल. हॉटमिक्स प्लांट अमुक किलोमीटरच्या आतच हवा, अशासारखी अट कधी कामाच्या दर्जासाठी असते, कधी कुणाच्या तरी सोयीसाठी. त्यावर उपाय म्हणजे निविदापूर्व बैठकीत किंवा मुदतीच्या आत लेखी हरकत. निकाल लागल्यावर टपरीवर केलेली तक्रार कागदावर येत नाही.

पण नव्या माणसाच्या फाईली पडतात त्यातल्या बऱ्याच निव्वळ गणिताने पडतात, आणि ते गणित त्याला कुणी सांगितलेले नसते. त्याचे नाव निविदा क्षमता. गेल्या पाच वर्षांतले ज्या वर्षी सर्वांत जास्त काम केले त्या वर्षाची रक्कम, गुणिले कामाची मुदत वर्षांत, गुणिले सहसा दोन, आणि त्यातून हातात असलेल्या कामांची उरलेली रक्कम वजा. समजा, सर्वोत्तम वर्ष ४० लाखांचे, नव्या कामाची मुदत सहा महिने आणि हातात १० लाखांचे काम बाकी. ४० × ०.५ × २ − १० = ३० लाख. असा माणूस ३५ लाखांच्या कामाला गेला तर त्याला आमदाराची ओळखही वाचवत नाही.

म्हणूनच लहान सुरुवातीला महत्त्व आहे. लहान कामे काम वाटप समितीमार्फत सुशिक्षित बेरोजगार अभियंते, मजूर सहकारी संस्था आणि खुले ठेकेदार यांच्यात वाटली जातात. हे प्रमाण अनेक वर्षे ३३:३३:३४ असे राहिले. तिथली चार-पाच लाखांची कामे नफ्यापेक्षा कार्यपूर्तीच्या दाखल्यासाठी घ्यायची. दुसऱ्याच्या नावावर काम करून दाखला त्याच्याच कपाटात ठेवणारी हुशार मुले दहा वर्षांनीही कागदावर नवीनच राहतात.

‘ऑनलाइनचं सेंटरवाला पाहून घेते’

महाटेंडर्स या राज्याच्या ई-निविदा संकेतस्थळावर निविदा भरायला वर्ग तीनची डिजिटल सही लागते. वर्ग दोनची प्रमाणपत्रे देणे १ जानेवारी २०२१ पासून बंद झाले. कित्येक जण ते टोकन आणि त्याचा पासवर्ड दोन्ही कॉम्प्युटर सेंटरवर ठेवून येतात. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार ही सही हाताच्या सहीइतकीच बांधते. म्हणजे कोरे चेकबुक सही करून दुकानात ठेवण्यातलाच हा प्रकार. दराच्या एक्सेल फाईलचे नाव सुद्धा बदलायचे नसते, आणि मुदत सर्व्हरच्या घड्याळाने संपते, आपल्या नव्हे. एक दुपार देऊन हे स्वतः शिकता येते.

‘उद्यम आधार आहे, बयाणा माफ’

या समजाने बाद झालेल्या फाईली कमी नसतील. सूक्ष्म व लघु उद्योगांना बयाण्यातून सूट देणारा केंद्राचा २०१२ चा खरेदी धोरण आदेश वस्तू आणि सेवा यांच्यासाठी आहे. बांधकामाची कंत्राटे त्यात बसत नाहीत, हे मंत्रालयाने स्पष्ट केले आहे. ४५ दिवसांत पैसे आणि उशिराला चक्रवाढ व्याज या लघुउद्योग कायद्याच्या तरतुदीही बांधकामाला लागू होत नाहीत, असे मुंबई उच्च न्यायालयाचे निकाल आहेत. उद्यम नोंदणी करावी. बयाण्याचा ड्राफ्ट मात्र तयार ठेवावा.

‘सरकारचा पैसा बुडत नाही’

बुडत नाही, पण थांबतो, आणि थांबलेला पैसा माणसाला बुडवू शकतो. अमरावती-अकोला रस्ता याचे मोठ्या आकाराचे उदाहरण आहे. जून २०२२ मध्ये लोणी ते माना दरम्यान ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झाले आणि गिनीज बुकात नोंद झाली. ते राजपथ इन्फ्राकॉनने केले. त्याआधी अमरावती ते चिखली हे चौपदरीकरण आयएल अँड एफएस समूहाकडे होते. २०१८ मध्ये तो समूह कर्जफेडीत अडकला, काम रखडले आणि मूर्तिजापूरकडे जाणाऱ्यांनी त्या खड्ड्यांत काय भोगले ते इथे सांगायला नको. यंत्रे, माणसे, नाव सगळे होते, रोख संपली. दोन जेसीबीवाल्या ठेकेदाराचे वेगळे काय होणार?

चालू देयक कसे हाती येते ते पाहा. काम झाल्यावर शाखा अभियंता मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे एमबीत, मापे लिहितो. ती नोंद नाही तर देयक नाही, मग साईटवर काहीही उभे असो. खड्डा बुजण्याआधी, सळई झाकण्याआधी माप घेतले नाही तर नंतर ते कुणी देत नाही. दहा लाखांच्या देयकातून वैयक्तिक ठेकेदाराचा आयकर १ टक्का, जीएसटीचा टीडीएस २ टक्के, बांधकाम कामगार उपकर १ टक्का कापला जातो. गौण खनिजाचे वाहतूक पास जोडले नाहीत तर रॉयल्टी कापतात. शासनाच्या विमा संचालनालयाचा विमा घेतला नसेल तर त्याचीही कपात. वर सुरक्षा अनामत. यातला टीडीएस विवरणपत्र भरल्यावर वळता होतो, उपकर परत येत नाही. हे सगळे निविदेच्या टक्क्यांत आधी धरायचे असते, कापल्यावर कारकुनाशी भांडायचे नसते.

जीएसटीचा आणखी एक पेच. बहुतेक सरकारी बांधकामांवर १८ जुलै २०२२ पासून १८ टक्के कर आहे. दरमहा विवरण भरणाऱ्याने बिल फाडले की पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत तो भरायचा, खात्याकडे निधी असो वा नसो. उत्साहात आधीच बिल फाडणारे घरचे दागिने ठेवून कर भरतात. २०२५ मध्ये राज्यभरच्या ठेकेदारांच्या संघटना थकीत देयकांसाठी रस्त्यावर आल्या, तेव्हा त्यांनी सांगितलेला थकबाकीचा आकडा सुमारे ८९ हजार कोटींचा होता. दावा संघटनांचा आहे हे धरूनही, मार्चअखेरच्या भरवशावर सावकाराचे पैसे लावण्याआधी विचार व्हावा.

‘काम संपलं, सुटलो’

प्रधानमंत्री आणि मुख्यमंत्री ग्रामसडक योजनांत पाच वर्षांची देखभाल ठेकेदाराकडेच असते. काळ्या मातीवरचा रस्ता दुसऱ्या पावसाळ्यात कुठे खचेल ते गावकरी आधी सांगू शकतात. त्यांना विचारायला पैसे पडत नाहीत.

राहिला शिकण्याचा प्रश्न. अमेरिकेत संसदेने १९८५ मध्येच यासाठी केंद्रे उभी केली. आता ती एपेक्स ॲक्सिलरेटर्स या नावाने चालतात आणि लहान व्यावसायिकाला सरकारी निविदा वाचायला, भरायला शिकवतात, बहुतेक ठिकाणी फुकट. आपल्याकडे महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र १९८८ पासून आहे, जिल्हा उद्योग केंद्रे आहेत. त्यांच्या जोडीला अमरावतीतल्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने शेवटच्या वर्षाला दोन महिन्यांचा निविदा आणि देयकांचा वर्ग घेतला तर जागा, शिक्षक, विद्यार्थी सगळे हजर आहेत. निवृत्त कार्यकारी अभियंते आणि विभागीय लेखापाल शहरात पुष्कळ आहेत.

तोवर एक पुस्तक उघडेच आहे. महाटेंडर्सवर उघडलेल्या निविदांचे तांत्रिक आणि आर्थिक मूल्यांकनाचे सारांश लॉगिन न करता पाहता येतात. आपल्या तालुक्यातल्या मागच्या वर्षीच्या निविदा काढाव्यात: कोण अपात्र ठरले, किती टक्क्यांवर काम गेले. मग त्या बिलोच्या कामांपैकी दोन-तीन ठिकाणी जाऊन यावे आणि काम कुठवर आले ते डोळ्यांनी पाहावे.