कूलर चालू, तरी घाम का? खोलीतला सेन्सर सांगतो, पण तो नीट लावला तर

हिवरखेड : मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर गेला की तेल्हारा तालुक्यात सगळ्यांच्या तोंडी तोच आकडा असतो. मे २०२४ मध्ये तर उन्हामुळे जिल्ह्यात कलम १४४ लागू करावं लागलं होतं. मात्र हा आकडा वेधशाळेच्या झडपांच्या पांढऱ्या पेटीतला असतो. म्हणजे सावलीतला, जमिनीपासून साधारण चार फुटांवरचा. घरचे सगळे वावरात गेल्यावर टिनाच्या खोलीत बाजेवर पडलेल्या आजीला किती गरमी सोसावी लागते, हे त्यावरून कळत नाही. ते कळावं म्हणून आता काडीपेटीएवढे बिनतारी सेन्सर मिळतात. तापमान आणि हवेतला ओलावा, म्हणजे आर्द्रता, दोन्ही ते मोबाईलवर दाखवतात.

नुसतं तापमान पाहून भागत नाही, कारण आपल्याकडचा कूलर पाण्याच्या वाफेवर चालतो. हवा कोरडी असेल तर पाणी भराभर उडतं आणि हवा गार होते. हवा ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या वाळ्यातून येणारी हवा जास्तीत जास्त २३ अंशांपर्यंत उतरू शकते. घरचा कूलर तितकं करत नाही, पण २८-२९ पर्यंत आणतो. तेच जुलैत हवा ३२ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर कूलरने काहीही केलं तरी २९ च्या खाली जाता येत नाही. उलट पंपाने खोलीत आणखी ओल भरते, अंगावरचा घाम वाळत नाही आणि माणूस उकडून निघतो. दारं-खिडक्या बंद ठेवून कूलर लावला की भर मे महिन्यातही हेच होतं. खोलीतली आर्द्रता सारखी वर चढताना दिसली, तर कूलरच्या समोरच्या बाजूचं दार थोडं उघडं ठेवावं. कूलरचं पाणी संपलं असेल तर नुसत्या पंख्याच्या भरवशावरही राहू नये. ४० अंशांच्या वर पंखा अंगाला गरम हवाच मारतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

सेन्सर घेताना आधी तो कशावर चालतो ते पाहावं. ब्लूटूथवाला स्वस्त पडतो, पण मोबाईल त्याच खोलीत किंवा शेजारच्या खोलीत असला तरच आकडा दिसतो. वायफायवाला थेट राउटरला जोडला जातो, पण बॅटरी जास्त खातो. झिगबीवाल्याची बॅटरी बरेच महिने टिकते, मात्र त्याला गेटवे नावाची वेगळी डबी लागते. बहुतेक सेन्सर आणि गेटवे राउटरच्या २.४ गिगाहर्ट्झवरच जुळतात. मोबाईल ५ गिगाहर्ट्झवर असला की ‘डिव्हाइस सापडत नाही’ असं येतं आणि लोक माल खराब म्हणून परत करतात.

गावात खरी अडचण वेगळीच आहे. बऱ्याच घरी राउटर नाही, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काम चालतं. तो मोबाईल खिशात घालून माणूस वावरात गेला की घरातला सेन्सर मुका होतो. म्हणजे आजीच्या खोलीचा इशारा ज्या वेळी पाहिजे, नेमका त्याच वेळी येत नाही. वावरातून खोली पाहायची असेल तर घरी कायम चालू राहणारं इंटरनेट लागतंच. लाइन गेली की राउटरही बंद पडतो, म्हणून त्याला छोटा यूपीएस जोडावा. घरच्या घरी कूलर चालू-बंद करायचा असेल तर इंटरनेटची गरज नाही. होम असिस्टंट नावाची फुकट प्रणाली जुन्या कॉम्प्युटरवर टाकून त्याला झिगबीची यूएसबी कांडी लावली, तर सगळा हिशोब घरातच होतो. धाब्याच्या घरांच्या जाड मातीच्या भिंती आणि टिनाचे पत्रे सिग्नल अडवतात, म्हणून गेटवे मधल्या खोलीत ठेवावा.

जागेत चूक झाली तर महागाचा सेन्सरही खोटं सांगतो. कूलरच्या झोतात लावला तर गार दाखवतो. पश्चिमेच्या भिंतीला चिकटवला तर खोलीचं नव्हे, भिंतीचं तापमान सांगतो. फ्रिजच्या मागे, चुलीजवळ किंवा खिडकीच्या उन्हातही लावू नये. माणूस जिथे झोपतो तिथे, बाजेच्या उंचीच्या थोडं वर, आतल्या भिंतीला मध्ये बोटभर अंतर ठेवून लावावा. स्लॅबच्या घरात संध्याकाळनंतरचे आकडे जरूर पाहावेत. दिवसभर तापलेला स्लॅब सूर्य बुडाल्यावरही खोलीत उष्णता सोडत राहतो.

जी पोरं स्वतः बोर्ड जोडून सेन्सर बनवतात, त्यांनी डीएचटी-११ टाळलेला बरा. त्याच्या तापमानात दोन अंशांचा फरक पडू शकतो आणि त्याच्या जुन्या प्रकाराची आर्द्रता मोजायची हद्दच २० टक्क्यांपासून सुरू होते. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी आर्द्रता त्याच्याही खाली जाते. डीएचटी-२२ अर्ध्या अंशापर्यंत बरोबर असतो.

विकतचा असो की घरी बनवलेला, आर्द्रता बरोबर दाखवतो का हे मिठाने तपासता येतं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यावं आणि थेंब-थेंब पाणी टाकून ओल्या रेतीसारखं करावं, विरघळू देऊ नये. ते झाकण आणि सेन्सर घट्ट झाकणाच्या बरणीत शेजारी ठेवावे, मीठ सेन्सरला लागू देऊ नये. रात्रभर ठेवल्यावर आकडा ७५ टक्क्यांच्या आसपास यायला पाहिजे. ८० आला तर तो पाच टक्के जास्त दाखवतो, तेवढं अॅपमध्ये कमी करून घ्यावं.

पंप आपोआप बंद करायचा तर दोन आकडे ठरवावे लागतात. उदाहरणार्थ, ७० टक्क्यांवर पंप बंद आणि ६० च्या खाली पुन्हा सुरू. एकच आकडा ठेवला तर पंप मिनिटा-मिनिटाला चालू-बंद होत राहतो. पंप आणि पंख्याची वायर वेगळी असेल तरच हे जमतं, आणि ते काम वायरमनकडूनच करून घ्यावं. पूर्ण कूलर स्मार्ट प्लगवर घ्यायचा असेल तर प्लग मोटारीचा भार पेलणारा असावा. मोबाईलवर ‘बंद’ दिसतं म्हणून कूलरमध्ये हात घालू नये. पाणी भरण्याआधी पिन बोर्डातून ओढून काढावी आणि अर्थिंग तपासून घ्यावी. कूलरचा शॉक लागून दर उन्हाळ्यात विदर्भात माणसं जातात.

बहुतेक सेन्सरमध्ये रुपयाच्या नाण्यासारखा चपटा सेल असतो. लहान लेकरू असलेल्या घरात तो बदलताना फार जपावं. हा सेल गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका जळू शकते. असं झालं तर उलटी करवण्याच्या नादी न लागता लेकराला सरळ दवाखान्यात न्यावं.