झोपेची गोळी हा पहिला इलाज नव्हे

गैरसमज : निद्रानाश म्हटला की गोळी आलीच.

आठवड्यातून किमान ३ रात्री, ३ महिने किंवा त्याहून अधिक काळ, झोपायला पुरेशी सवड असूनही झोप लागत नसेल किंवा मध्येच मोडत असेल आणि दिवसाची कामे त्यापायी बिघडत असतील, तर तो जुनाट निद्रानाश. ‘सवड असूनही’ हे महत्त्वाचे. गुरुग्राम-नोएडात रात्रपाळी करून दिवसा झोपू पाहणाऱ्याचे दुखणे बरेचदा शरीराच्या घड्याळाचे असते, तर मोठ्याने घोरणाऱ्याचा श्वास झोपेत अडत असू शकतो. म्हणून फॅमिली डॉक्टर आधी घोरणे, थायरॉइड, उदासीनता, चालू औषधे, संध्याकाळचा चहा आणि दारू यांची चौकशी करतात. त्यानंतरचा पहिला इलाज म्हणजे झोपेच्या सवयी आणि झोपेविषयीची धास्ती बदलणारी वर्तनोपचार पद्धत, असे अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ साली स्पष्ट केले. गोळीला जागाच नाही असे नव्हे; ती थोड्या दिवसांपुरती आणि विचारपूर्वक द्यायची. अल्प्राझोलाम आणि झोल्पिडेम ही औषधे भारतात एच-१ परिशिष्टात आहेत. ती विकताना केमिस्टने डॉक्टर आणि रुग्णाचे नाव वेगळ्या वहीत लिहून ती नोंद ३ वर्षे ठेवायची असते. या गोळ्यांची सवय लागते आणि म्हातारपणी तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो, म्हणून ही काळजी. मात्र बरेच दिवस चालू असलेली गोळी मनानेच एकदम बंद करू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी.

गैरसमज : झोप कमी पडते, तर जास्त वेळ अंथरुणात काढावा.

इथेच आजार मुरतो. रात्री १० ते सकाळी ७ पडून राहायचे आणि झोप जेमतेम साडेपाच तास, म्हणजे साडेतीन तास नुसती तळमळ; हळूहळू अंथरूण दिसले की जाग येते. डॉक्टर १-२ आठवडे झोपेची नोंद ठेवायला सांगतात. मग उठण्याची वेळ, समजा ६ वाजता, पक्की करतात आणि आडवे व्हायची वेळ साडेबारावर आणतात. झोप सलग लागू लागली की १५-१५ मिनिटे वाढवतात. पहिले काही दिवस पेंग येते. त्यामुळे गाडी चालवणाऱ्यांनी जपावे. अपस्मार किंवा बायपोलर आजार असल्यास हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नये. झोप येत नसेल तर उठून दुसरीकडे बसा, असेही सांगतात. दिल्लीतल्या एका खोलीच्या घरात हे कसे जमायचे, असे कोणी विचारेल. त्यासाठी वेगळी खोली लागत नाही. गादी सोडून मंद उजेडात खुर्चीवर बसले तरी चालते.

गैरसमज : हे मानसोपचारतज्ज्ञांचे काम, फॅमिली डॉक्टरांच्या आवाक्यातले नव्हे.

हा आक्षेप सर्वांत वजनदार. ओपीडीत रांग लागलेली असताना तासभर समुपदेशन कोण करणार? पण इंग्लंडमधल्या ३५ दवाखान्यांत ६४२ रुग्णांवर झालेल्या आणि २०२३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात वर सांगितलेली वेळ-मर्यादा पद्धत नर्सनी ४ छोट्या भेटींत शिकवली आणि ६ महिन्यांनीही निद्रानाश कमी आढळला. त्या नर्स झोपेच्या तज्ज्ञ नव्हत्या. त्यांना थोडे प्रशिक्षण दिले होते. तिथले जसेच्या तसे इथे लागू होईल असे नाही. पण कामाला महागडे यंत्र लागत नाही, लागतात ती वही आणि पुन्हा यायची तारीख. श्वास अडत असेल, आत्महत्येचे विचार येत असतील किंवा काही आठवड्यांत फरकच पडला नाही, तर मात्र एम्स किंवा शाहदऱ्याच्या इहबाससारख्या मोठ्या संस्थेत पाठवावेच लागते. मनाचा ताण असह्य झाला तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक आहे. एरवी रुग्णाने डॉक्टरांकडे आधी मागावी ती झोपेची नोंदवही, आणि डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिण्याआधी ती पाहावी.