डोळ्यांचें अन्न आणि घरची पंगत

मार्गशीर्षांतील वेळा अमावस्येस उमरगा तालुक्यांतील गांवें ओस पडतात आणि शेतें माणसांनीं भरून जातात. त्या दिवशींची भज्जी ज्यांनीं चाखली आहे त्यांस तिचें वर्णन नको. इतरांसाठीं एवढेंच कीं, ओला हरभरा, तुरीचे दाणे, मेथी, गाजर, कांद्याची पात असा रानांत मिळेल तो माल बेसनांत शिजवून ती करितात आणि बाजरीच्या उंड्यांबरोबर खातात. नेत्ररक्षणाच्या दृष्टीनें पाहतां ह्या जेवणांत दोन गोष्टी साधतात. पालेभाजी तेलासह पोटांत जाते, आणि घरांतील लहानथोर, स्त्रीपुरुष एकाच वेळीं जेवतात. दुसऱ्या गोष्टीचा डोळ्यांशीं काय संबंध, असें कोणी विचारील. त्यासाठींच हा लेखनप्रपंच.

अंधुक उजेडांत पाहण्याचें कार्य दृष्टिपटलांतील एका जांभळट द्रव्यावर चालतें, आणि तें द्रव्य ‘अ’ जीवनसत्त्वावांचून तयार होत नाहीं. तें उणें पडलें कीं प्रथम दिवेलागणीस दिसेनासें होतें, हेंच रातांधळें. दुर्लक्ष झाल्यास डोळा कोरडा पडतो, बुबुळ मऊ होऊन फुटतें, आणि लहान मूल जन्माचें आंधळें होतें. सुश्रुतानें नक्तांध्यावर बोकडाचें यकृत सांगितलें आहे. आमच्या स्वयंपाकघरांत त्याचा प्रवेश नाहीं. परंतु यकृत हेंच ह्या सत्त्वाचें कोठार असल्यामुळें त्या उपायाचें मर्म आतां उलगडलें आहे. लोण्याच्या स्निग्धांशांत हें सत्त्व असल्याचें १९१३ सालीं अमेरिकेंत मॅक्कॉलम व डेव्हिस ह्यांनीं दाखविलें. दृष्टिपटलांतील त्याचा शोध जॉर्ज वाल्ड ह्यांनीं १९३३ मध्यें लावला.

ज्वारीची भाकरी बळ देते, पण हें सत्त्व तिच्यांतून फारसें मिळत नाहीं. तें द्यावयाचें तें तांदुळजा, पाथरी, मेथी, शेपू ह्यांनीं, नाहीं तर दूधतुपानें. पालेभाजींतील रंगद्रव्यापासून शरीर तें सत्त्व बनवितें. मात्र स्नेहावांचून तें द्रव्य नीट शोषलेंच जात नाहीं. करडईची कोवळी भाजी करडईच्याच तेलांत परतणाऱ्या आमच्या आज्यांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हतें, पण कृति अचूक होती. शेवग्याच्या शेंगा मात्र आपण आवडीनें खातों आणि पाला, जो ह्या बाबतींत शेंगांहून कितीतरी सरस, तो फेंकून देतों!

वृद्धांचा प्रश्न निराळा. मोतीबिंदु कोणत्याही भाजीनें उतरत नाहीं. त्यास शस्त्रक्रियाच हवी. मधुमेह्यांनीं साखर ताब्यांत ठेवावी आणि दिसत असलें तरी वर्षांतून एकदां दृष्टिपटल तपासून घ्यावें, कारण त्याची हानि बराच काळ कळतच नाहीं.

आतां पंगतीकडे वळूं. एकत्र कुटुंबांत प्रथम पुरुष, मग मुलें, शेवटीं बायका, आणि त्यांतही सर्वांत शेवटीं धाकटी सून. तिची पाळी येते तेव्हां पातेल्यांत भाजीचा रस्सा आणि टोपल्यांत दोन भाकरी उरलेल्या असतात. आणि नेमकी तीच गर्भवती असते! शेवटच्या महिन्यांत तिला सांजवेळीं उंबरा दिसेनासा झाला, तर ‘ह्या दिवसांत असें होतेंच’ म्हणून वडीलधाऱ्या बायका सोडून देतात. तें होतेंच असें नाहीं. तो तिच्या उपासमारीचा पुरावा असूं शकतो. बाळास ह्या सत्त्वाचा पहिला भरपूर पुरवठा आईच्या चिकांतून होतो, आणि तोच चीक कित्येक घरीं अशुद्ध मानून पिळून टाकीत असत.

नवव्या महिन्यास गोंवराच्या लशीबरोबर एक लाख एककें आणि पुढें पांच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनीं दोन लाख, अशा नऊ मात्रा सरकारी दवाखान्यांत मुलांस मिळतात. त्या चुकवूं नयेत. गर्भवतीस मात्र अशी मोठी मात्रा कोणीं मनानें देऊं नये, गर्भास अपाय होतो. तिला अन्नांतूनच द्यावें. पाट मांडण्यापूर्वीं सासूबाईंनीं एक वाटी पालेभाजी, वर चमचाभर तूप घालून, तिच्यासाठीं झांकून ठेवावी, किंवा तिलाच पहिल्या पंगतीस बसवावें.